बर्फातले संचित

सज्जनहो, आज निरूपणास घेतलेला प्रसंग श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील आठव्या अध्यायातला आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगत आहेत. त्यांत मधमाशी येते आणि तिचा मध काढून नेणाराही येतो. शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी याच स्कंधावर आपली टीका रचली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीस ती पूर्ण केली. हा प्रसंग आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. गावोगावच्या श्रोत्यांनी माना डोलावल्या. परंतु त्याचा अर्थ आम्हांला या ज्येष्ठात, आमच्याच स्वयंपाकघरात, फ्रीजच्या उघड्या दारापुढे उभे राहून शिकावा लागला. ती हकीकत सांगतो. हसू आले तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

प्रसंग असा. मधमाशी फुलाफुलांतून कणकण वेचते आणि पोळे भरते. स्वतः भोगीत नाही, दुसऱ्याला देत नाही. मग एके दिवशी धूर करणारा येतो, पोळे पिळतो आणि मध घेऊन जातो. ना दिले ना खाल्ले, अशा संग्रहाचा धनी शेवटी तिसराच होतो, असे अवधूतांचे सांगणे. या प्रसंगावर आम्ही काय काय रंग भरीत असू! सावकाराची तिजोरी आणावी, म्हातारीचे गाठोडे आणावे, कुलूप आणावे, किल्ली हरवावी. श्रोते पोट धरून हसत. आपल्या घरच्या पोळ्याकडे मात्र आमचे कधी लक्ष गेले नाही.

पालखीच्या प्रस्थानाला आठ-दहा दिवस उरले होते. एका गावचा सप्ताह आटोपून आम्ही घरी आलो. काल्याच्या कीर्तनानंतर यजमानांनी प्रेमाने पेढ्यांचे दोन पुडे आणि लाडवांचा एक डबा बरोबर दिला होता. तो ठेवावा म्हणून फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा उघडला, तोच आतून दगडासारखी एक पुडी सुटली ती थेट आमच्या पायाच्या अंगठ्यावर! तिच्या मागोमाग दुसरी. आत पाहतो तो चहूकडे बोटभर बर्फ साचलेला आणि त्यात डब्यांवर डबे, पिशव्यांवर पिशव्या. दार लावू गेलो तर लागेना.

अंगठा ठणकत होता, म्हणून वैराग्य लवकर आले. आम्ही म्हणालो, "अगं, हे घर आहे की बटाट्याचे शीतगृह? माणसे किती, आणि साठवण किती!" आणि सवयच ती, उभ्याउभ्याच निरूपण सुरू झाले. मधमाशी झाली, पोळे झाले, धूर करणारा झाला. सौभाग्यवतींनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग एक मोठी परात घेतली आणि एकेक पुडी काढून तीत मांडू लागल्या. प्रत्येक पुडीला रबर लावून कागदाची चिठ्ठी अडकवलेली. अक्षर त्यांचेच.

एका चिठ्ठीवर होते, "मोदक. चतुर्थी. यांचे." दुसरीवर, "हुरडा. पौष. यांचा." तिसरीवर, "पुरणपोळ्या चार. होळी. यांच्या." चौथीवर, "आमरस. यांचा." पाचवी पुडी मात्र निर्गुण निघाली. चिठ्ठी भिजून शाई पसरलेली, नाव नाही, रूप नाही, रंगाचा निर्णय होईना. आम्ही म्हटले खवा, त्या म्हणाल्या खोबरे. शेवटी बर्फाची उपाधी वितळली तेव्हा स्वरूप प्रकट झाले. तो सीताफळाचा गर होता, कार्तिकातला. कार्तिकी वारीला आम्ही पंढरीस होतो, तेव्हाचा. मटाराचे दाणे, सोललेले पावटे आणि ओल्या नारळाचा चव एवढ्याच पुड्यांवर "यांचे" नव्हते.

सज्जनहो, कीर्तनकाराला सण घरी मिळत नाही, हे आपण जाणता. रामनवमी, गोकुळाष्टमी, दत्तजयंती हे जगाचे सणाचे दिवस आणि आमचे उभे राहण्याचे. भाद्रपदात गणेशोत्सवाच्या सेवा. फाल्गुनी पौर्णिमेला होळी, तर वद्य द्वितीयेला तुकोबारायांची बीज, म्हणून होळीला आम्ही बीजेच्या सप्ताहात. आमरसाच्या दिवसांत तर गावोगाव सप्ताहच सप्ताह. आम्ही दर सणाला दुसऱ्याच्या पंगतीत जेवलो. आणि घरी दर सणाला आमच्या नावाचा वाटा निघाला, थांबला, गार झाला आणि बर्फात गेला. आम्ही परत येऊन दोन दिवस राहावे, प्रवासाचे पोट म्हणून मुगाची खिचडी मागावी आणि पुन्हा पिशवी उचलावी. ते वाटे तसेच राहिले. ते त्यांनी खाल्ले नाहीत, कारण ते आमचे होते. कोणाला दिले नाहीत, कारण ते आमचे होते. आणि टाकले नाहीत, कारण अन्न होते.

आम्ही गप्प झालेले पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "मधमाशी साठवते हे खरे आहे. पण कोणासाठी साठवते, ते तुम्ही कीर्तनात कधी सांगत नाही."

चाळीस वर्षांत एवढा मोठा आक्षेप आमच्यावर कोणा पंडिताने घेतला नव्हता. रात्री झोप येईना, तेव्हा पोथी काढून मूळ पाहिले. तिथे आमची चूक स्पष्ट लिहिलेली. सायंकाळसाठी नको, उद्यासाठी नको, असा कडक नियम अवधूतांनी सांगितला आहे तो भिक्षूला! तो आम्ही गृहिणीच्या माथी मारला होता. गृहस्थाचा नियम सातव्या स्कंधात आहे. तिथे नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात की, पोट भरेल एवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क. त्याहून अधिकावर जो माझे म्हणून हात ठेवतो तो चोर. पहा, इथे साठवणाऱ्याला चोर म्हटलेले नाही. माझे म्हणून अडवणाऱ्याला म्हटले आहे. मग आमच्या फ्रीजरमधला चोर कोण? ज्याच्या नावाची चिठ्ठी होती तो. ज्याने वाटा घेतला नाही आणि सोडलाही नाही, तो.

साठवणे हे पाप असते तर आमच्या आज्या-पणज्या सगळ्या पापी ठरतील. चैत्र-वैशाखात कुरड्या, पापड, सांडगे; डाळींना ऊन द्यायचे, चिंच फोडून गोळे करायचे. आमच्या लहानपणी त्याला बेगमी म्हणत. पण बेगमीला तिथी असे. पावसाळ्याची बेगमी पावसाळ्यात उघडायची आणि दिवाळीपर्यंत संपवायची. आणि कांदेनवमी आठवा. आषाढ शुद्ध नवमीला घरात असतील तेवढे कांदे आणि वांगी संपवायची. भजी करा, थालीपीठ करा, झुणका करा, शेजाऱ्याला बोलवा, पण दोन दिवसांनी चातुर्मास लागतो, त्याआधी टोपली रिकामी झाली पाहिजे. आम्ही हा दिवस चवीचा समजत आलो. आता वाटते, हा साठवण मोकळी करण्याचा दिवस आहे. साठवणीला दोष नाही. जिला उघडण्याचा दिवस नाही, त्या साठवणीला दोष आहे.

इथे कोणी शंका घेईल की, महाराज, शिळ्याचा दोष बाहेर ठेवलेल्याला. फ्रीजरमध्ये काळच थांबतो, मग दिवस कशाला हवा? शंका चांगली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस अन्नाची लक्षणे येतात, त्यांतले पहिले यातयाम. माउली तिथे वेळ उलटून गेल्यावर खाल्लेले अन्न, असा अर्थ उलगडतात. श्रीमच्छंकराचार्य भाष्यात त्याच पदाचा अर्थ नीट न शिजलेले असा घेतात, कारण सत्त्व गेलेल्या अन्नासाठी पुढे गतरस हे पद आलेलेच आहे. आता फ्रीजरचे पहा. चांगला फ्रीजर उणे १८ अंशांवर असतो. त्या थंडीत अन्न नासवणारे सूक्ष्म जंतू वाढत नाहीत. पण ते मरत नाहीत, नुसते निजतात. ऊब मिळाली की जागे. म्हणजे थंडी ही समाधी नव्हे, झोप आहे. आणि जंतू निजले तरी अन्नातले पाणी हळूहळू उडतच असते. वरून पांढरट, कोरडे डाग पडतात. असे अन्न विषारी होत नाही, पण चव आणि वास हरवतात. हेच गतरस! काळ थांबला नाही, सज्जनहो. नासाडीची पावले थांबली, रसाची चालू राहिली. आणि एकदारी फ्रीजचा लहानसा बर्फाचा कप्पा तर उणे १८ इतकाही थंड नसतो. त्याच्या भरवशावर वर्षाची साठवण करू नये.

आता ज्याच्या नावाने ठेवले तो आलाच नाही, तर त्या वाट्याचे काय करावे? याचे उत्तर नाथमहाराजांनी पैठणला आपल्या अंगणात देऊन ठेवले आहे. कथा आपण ऐकलेली आहे, पण आज ती या परातीकडे पाहत ऐका.

नाथांच्या घरी पितरांचे श्राद्ध. गिरिजाबाईंनी सोवळ्याने स्वयंपाक केला. खिरीचा, वड्यांचा वास वाऱ्याबरोबर रस्त्यावर गेला. गावकुसाबाहेर राहणारे एक कुटुंब तिथून जात होते. लेकरू आईला म्हणाले, केवढा छान वास येतो! आई म्हणाली, बाळा, हे आपल्या नशिबात नाही, चल पुढे. हे शब्द नाथांच्या कानांवर पडले. आता पहा पेच. ते अन्न साधे नव्हते. त्यावर संकल्प होता, पितरांच्या नावाची चिठ्ठीच होती म्हणा ना! ज्यांच्यासाठी केले ते अदृश्य, आणि भूक तर दारात उभी. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्या कुटुंबाला आत बोलावले, त्यांच्या जातभाईंनाही बोलावले आणि ते सगळे अन्न वाढले. मग घर सारवून पुन्हा स्वयंपाक केला. ब्राह्मण रागावले, पानावर बसेनात. तेव्हा नाथांनी पितरांनाच हाक मारली आणि, परंपरा सांगते, पितर स्वतः येऊन जेवून गेले.

या कथेवर आम्ही आजवर समतेचे निरूपण केले, आणि ते योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट तिच्यात आहे. नाथांनी पितरांचा वाटा दुसऱ्याला दिला म्हणून पितर उपाशी राहिले नाहीत. उलट तेव्हाच आले. दूर असलेल्या माणसावरचे प्रेम त्याच्या नावाने गोठवून ठेवले तर त्याला पोचत नाही. जवळच्या भुकेल्याच्या पानात वाढले तर पोचते.

परंतु थांबा. एवढे ऐकून कोणी उठेल आणि फ्रीजरमधले सगळे जुनेपाने काढून दारच्या गरिबाच्या झोळीत टाकेल. तसे करू नका. कठोपनिषदात नचिकेत्याचा बाप यज्ञात गाई दान देतो. कशा गाई? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले, अशा. ते पाहून लहान नचिकेता व्याकुळ झाला, आणि तेथून ते उपनिषद सुरू होते. आपल्याला नको ते देणे म्हणजे दान नव्हे. म्हणून आम्ही दोघांनी परातीपुढे बसून तीन वाटे केले. जे उत्तम ते पंगतीला. जे सुरक्षित पण गतरस ते आमच्या पानाला. आणि जे शंकास्पद ते मातीला. खव्याची एक पुडी वितळून पुन्हा गोठलेली दिसत होती. चैत्रात वादळाने वीज बराच वेळ गेली होती तेव्हाची. तिला आंबूस वास होता. ती खतखड्ड्यात गेली. तिथे लोभ करू नये. अन्न टाकण्याचे वाईट वाटावे ते ठेवताना. टाकण्याची वेळ आल्यावर वाईट वाटून खाल्ले तर वैद्याची भर.

चार व्यवहाराच्या गोष्टी माताभगिनींनी आम्हांला शिकवल्या, त्या त्यांच्याच नावाने परत सांगतो. गोठलेले शिजवलेले अन्न ओट्यावर उघडे ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. मटार-पावटे सरळ उकळत्या पाण्यात गेले तरी चालतात. शिजवलेला पदार्थ पुन्हा खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा. बाहेर वितळलेले पुन्हा गोठवू नये. चिठ्ठीवर पदार्थाबरोबर महिना लिहावा, आणि नवे मागे, जुने पुढे ठेवावे. बर्फ बोटभर साचण्याआधी काढावा.

हे सगळे एका घरापुरते आहे असे समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून. आपल्या देशात माणशी वर्षाला ५५ किलो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात साली-देठही धरलेले आहेत, हे खरे. तरी उरलेले काय थोडे आहे? "खाऊन माजावे, टाकून माजू नये," असे आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या उगाच म्हणत नव्हत्या. विसरून ठेवणे हे टाकण्याचेच सभ्य नाव आहे.

असो. सौ. म्हणाल्या, "खरी कांदेनवमी तर तुम्हाला कधी घरी सापडत नाही, तेव्हा तुम्ही वाटेवर असता. ही फ्रीजरची कांदेनवमी प्रस्थानाआधी करून घेऊ." तसेच केले. मृदंग शिकायला येणारी तीन मुले, शेजारच्या एकट्या आजी, आणि समोरच्या बांधकामावर राहणारे जोडपे त्यांच्या लहानग्यासह, एवढ्यांना बोलावले. पावट्याची उसळ झाली, तीत तो नारळाचा चव. मटाराचा मसालेभात. हुरड्याची थालिपिठे. सीताफळाचा गर आटवलेल्या दुधात गेला. आमरसाबरोबर ताज्या पुऱ्या. सप्ताहातले पेढे आणि लाडू तर ताजेच होते, ते कप्प्यात गेलेच नाहीत. सगळे एका पंगतीत बसलो. लहानग्याने आमरसाची वाटी दोन हातांनी धरली आणि हनुवटीपर्यंत रंगला. आम्हांला दशम स्कंधातले वनभोजन आठवले. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, एकमेकांना चव दाखवतात, आणि यज्ञाचा भोक्ता त्यांच्या मध्ये बसून डाव्या हातात दहीभाताचा घास धरतो. काला तो हाच. ज्याने त्याने आपली शिदोरी उघडल्याशिवाय काला होत नाही. बांधून ठेवलेल्या शिदोरीत देव हात घालत नाही.

पुरणपोळ्या आणि मोदक आमच्या पानात आले. मोदकाची उकड तडकलेली, सारण कोरडे. पोळी तुपावर भाजूनही कडक. गीतेतल्या व्याख्येप्रमाणे शुद्ध गतरस! आम्ही शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. वेदान्तात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची तीन नावे आहेत. आमचे संचित त्या दिवशी आमच्या पानात वाढले गेले, आणि ते भोगल्यावाचून संपणार नव्हते.

पाने उचलताना सौ. म्हणाल्या, "आता यापुढे 'यांचे' असे लिहून ठेवणार नाही. तुम्ही नसाल त्या सणाला तुमचा वाटा त्याच दिवशी शेजारच्या आजींना देईन. बरे का?" आम्ही बरे म्हटले. शास्त्राने ते योग्यच होते. पण मनात कुठेतरी लागले, हे आपल्यापाशी लपवीत नाही. चिठ्ठीवरचे ते दोन शब्द वाचायला आम्ही कधी वेळेवर आलो नाही, आणि आता ते लिहिले जाणार नाहीत.

म्हणून एक क्रियमाणही ठरवले आहे. वारी सुटणार नाही, सेवा सुटणार नाही. परंतु येत्या होळीची संध्याकाळ घरी. पोळी तव्यावरून पानात पडेल तेव्हा पानापुढे आम्ही असू, आणि धूलिवंदनाला पहाटे निघून बीजेच्या सेवेला हजर होऊ. त्या गावच्या मंडळींना तसे कळवले. त्यांनी आनंदाने मान्य केले. इतक्या वर्षांत आम्ही विचारलेच नव्हते.

सज्जनहो, आपणही घरी गेल्यावर एकदा तो कप्पा उघडून पहा. काय साठले आहे ते पहाच, पण कोणासाठी साठले आहे तेही पहा. तो येणार असेल तर त्याला दिवस सांगून बोलवा. येणार नसेल तर दारी जो आहे त्याला बोलवा. आणि तो तुम्हीच असाल, तर पिशवी खाली ठेवा आणि पानावर बसा.

रामकृष्णहरि.